पाणी म्हणजे कोणतं

३ जानेवारी

भिंगरी,

तुझा पत्ता आईकडून घेतला. तिने तो तीनदा सांगितला आणि तिन्ही वेळा वेगळा सांगितला. तेव्हा हे पत्र भलत्याच कुणाच्या हाती पडलं तर त्यांनी कृपया चष्म्याच्या दुकानात काम करणाऱ्या, पायाला चाकं लावल्यासारखी चालणाऱ्या बाईला ते नेऊन द्यावं. तिचं भिंगरी हे नाव मीच ठेवलेलं आहे.

चार वर्षांनी लिहितेय. फोन करणार होते, पण फोनवर आपलं काय होतं ते दोघींनाही माहीत आहे.

इकडे सगळं ठीक. टिंबू नऊ वर्षांची झाली. जन्मली तेव्हा टिंबाएवढी होती म्हणून तू तिला हे नाव दिलंस, ते आता तिला बिलकूल शोभत नाही. खुर्चीत मावेनाशी झालीय. बोलत नाही, चालत नाही, पण मान छान धरते आणि कोण आवडत नाही ते डोळ्यांनी बरोबर सांगते. तुझे भाऊजी अजून त्याच गॅरेजमध्ये. मीही अजून छापखान्याची मुद्रितं तपासते, बहुतेक घरी आणून. सध्या औषधांच्या खोक्यात घालतात त्या चिठ्ठ्या आल्यात, मुंगीएवढ्या अक्षरातल्या.

पुढच्या महिन्यात माझ्या पाठीची एक किरकोळ शस्त्रक्रिया आहे. त्यात काळजीसारखं काही नाही.

लिहायचं कारण इतकंच की मागचं सगळं मी मनातून काढून टाकलंय. माणसाच्या हातून चूक होते. मी तुला फोनवर स्पष्ट सांगितलं होतं, पण तू गडबडीत असशील, ऐकलं नसशील. मी तुला माफ केलं आहे. तूही ते धरून बसू नकोस.

उत्तर पाठव.

ताई


२१ जानेवारी

भिंगरी,

उत्तर नाही. तुझ्या जागी मी असते तर मीही दिलं नसतं. 'माफ केलं आहे' इथपर्यंत वाचून तू कागदाचा बोळा केला असशील. भाऊजींना मी ते पत्र पोस्टात टाकल्यावर वाचून दाखवलं (कच्चा खर्डा होता), तर ते म्हणाले, "माफ करायला तुला कुणी सांगितलं होतं?" आणि जेवायला बसले. दोन दिवस मी त्यांच्याशी बोलले नाही.

शस्त्रक्रिया किरकोळ नाही. मणक्यातली गादी सरकली आहे. नऊ वर्षं टिंबूला पलंगावरून खुर्चीत, खुर्चीतून मोरीत, मोरीतून पलंगावर उचलतेय, तेवीस किलोची झाली ती. वीस फेब्रुवारी ठरलीय. नंतर तीन महिने भरलेली बादलीसुद्धा उचलायची नाही म्हणे. डॉक्टरांनी विचारलं, घरात मुलीचं करायला कोण आहे? मी म्हटलं, मी आहे. ते म्हणाले, तुमच्याशिवाय. भाऊजी आहेत, पण त्यांची नोकरी सुटली तर आम्ही सगळेच पलंगावर.

म्हणून मी शेवटी 'शनिवारात' गेले. तुला आठवत असेल, वाचनालयाच्या मागच्या खोलीत दर शनिवारी आजारी आणि अपंग मुलांचे आईबाप जमतात, तू मला किती वर्षांपूर्वी जा म्हणाली होतीस. मी नाक मुरडलं होतं. म्हटलं, मला एकटीला रडता येतं, त्यासाठी खोली कशाला हवी. प्रत्यक्षात तिथे कुणीच रडत नव्हतं. खुर्चीच्या चाकाला कोणतं टायर बरं यावरून दोन बापांचं कडाक्याचं भांडण चाललं होतं.

त्या खोलीचा कारभार कंडक्टरकाका बघतात. पस्तीस वर्षं बसमध्ये तिकिटं फाडली त्यांनी. त्यांची मुलगी एकतीस वर्षांची आहे, मनाने पाचची. मी दारात घुटमळले तर आतून ओरडले, "पुढे सरका बाई, आत जागा आहे." मला हसू आलं आणि मग मी आतच गेले.

त्यांची पद्धत अशी आहे. ज्या घरी अडचण येईल तिथे बाकीचे पाळीपाळीने येतात, कुणी सकाळी, कुणी दुपारी. पण त्याआधी आईबापांनी आपल्या मुलाची वही लिहायची. तिला ओळखवही म्हणतात. काय खातं, कसं उचलायचं, कशाला घाबरतं, कशाला हसतं, सगळं. मग ज्याने त्या मुलाला कधी सांभाळलेलं नाही अशा माणसाच्या हातात वही द्यायची आणि आपण दोन तास दाराबाहेर पायरीवर बसायचं. बोलायचं नाही, आत डोकवायचं नाही. यालाच ते 'पायरी' म्हणतात. आणि एक नियम कंडक्टरकाका दर वेळी सांगतात, वाचणारा चुकला तर चूक वहीची.

मी म्हटलं, माझ्या वहीत चुका निघायच्या नाहीत, माझं पोटच त्यावर चालतं. तेरा पानं लिहिलीत. एक वेलांटी इकडची तिकडे झालेली नाही. पान सातवर 'हसवायचं असेल तर' या मथळ्याखाली लिहिलंय, 'जिभेने टक्-टक् करावं. हे तिच्या मावशीने शोधून काढलं.' हे तुला सांगावंसं वाटलं.

ताई


३ फेब्रुवारी

भिंगरी,

हे पत्र फाडू नकोस. किंवा फाड, पण आधी वाच.

काल माझी पायरी झाली. वही न्हावीदादांना दिली होती. त्यांच्या मुलाच्या स्नायूंत जोर नाही, आणि ते खोलीतल्या सगळ्या मुलांचे केस घरी जाऊन कापून देतात. हात कापसासारखे हलके आहेत त्यांचे. वाचायला मात्र जरा वेळ लागतो. शब्दावर बोट ठेवून, ओठ हलवत वाचतात. कंडक्टरकाका आत कोपऱ्यात बसले होते, हाताची घडी घालून, कारण पहिल्या पायरीला एक जुना माणूस आत हवाच असा त्यांचा नियम.

मी तिसऱ्या पायरीवर बसले. दार ओढलेलं, पण आमचं दार तुला माहीत आहे, त्यातून सगळं ऐकू येतं. आधी खुर्चीचा ब्रेक लागल्याचा आवाज. मग पानं उलटल्याचा. मग न्हावीदादांनी जिभेने टक्-टक् केलं, इतकं वाईट केलं की टिंबू त्याच्यामुळेच जास्त हसली असावी. माझा जीव भांड्यात पडला. शेजारणीने चहा आणून दिला तो मी निवांत पीत बसले. पाठ दुखत होती, पण नऊ वर्षांत प्रथमच आत माझी मुलगी कुणाबरोबर तरी हसत होती आणि मी बाहेर रिकाम्या हाताने बसले होते.

मग न्हावीदादा मोठ्याने वाचू लागले. "तहान... लागली की... ओठ चाटते. पाणी द्यावं. नुसतं पाणी, दूध नको." माझीच वाक्यं. मी आपली मान डोलावतेय.

आणि मग मला पेल्यात पाणी ओतल्याचा आवाज आला.

आमचं पाणी ओतताना आवाज होत नाही, भिंगरी. पावडर घालून घट्ट केलेलं असतं, ते निळ्या कपात गुपचूप उतरतं. खळखळतं ते नळाचं. नळाचं टिंबूच्या घशातून सरळ फुप्फुसात जातं.

पाठीबिठीचं भान राहिलं नाही. मी दार ढकललं आणि त्यांच्या हातातला पेला उडवला. टिंबू घाबरून ताठ झाली. न्हावीदादांच्या तोंडचा रंग उतरला होता. पेला गेलेला हात तसाच हवेत, आणि दुसऱ्या हाताचं बोट अजून वहीतल्या ओळीवर.

"वहिनी," ते म्हणाले, "इथे पाणीच लिहिलंय हो."

माझ्या ओठावर काय आलं होतं सांगू? 'सांगितलं होतं ना मी.' 'सांगितलं' एवढं तर बाहेरही पडलं. पुढचं गिळलं, कारण त्यांचं बोट तिथून हललं नव्हतं आणि त्या बोटाखाली माझं सुवाच्य अक्षर होतं.

कंडक्टरकाका उठले, फडकं घेऊन जमीन पुसायला लागले. पुसता पुसता म्हणाले, "बाई, पाणी म्हणजे कोणतं, हे कुठल्या पानावर आहे?"

कुठल्याच पानावर नव्हतं. आमच्या घरात 'पाणी' म्हणजे निळ्या कपातलं. साध्या पाण्याला आम्ही पाणी म्हणतच नाही, 'नळाचं' म्हणतो. भाऊजी गॅरेजमधून आले की म्हणतात, नळाचं दे गं. आम्हाला त्यात काही वेगळं वाटतच नाही. औषधाच्या चिठ्ठीत कुणी नुसतं 'एक चमचा' लिहिलं तर मी लाल शाईने विचारते, चहाचा की मोठा? आणि माझ्या मुलीच्या वहीत मी पाणी लिहून पुढे गेले.

आता तुझं सांगते.

चार वर्षांपूर्वी ती पावडर सुरू होऊन दोनच महिने झाले होते. गिळायचे व्यायाम शिकवणाऱ्या बाईंनी सांगितलेलं आणि घरात रुळलेलं. तू तेव्हाही दूर राहायचीस, दोन दिवसांसाठी आली होतीस, तुला हे कुणी सांगितलेलंच नव्हतं. मी 'कुणी' म्हणतेय. मी सांगितलेलं नव्हतं. छापखान्यातून तातडीचं बोलावणं आलं, मी तुला टिंबूजवळ बसवलं आणि चप्पल घालता घालता खाण्याचं सगळं सांगितलं, पिण्याचं राहिलं. दुपारी तू फोन केलास. "ताई, ही ओठ चाटतेय, पाणी देऊ?" मी म्हटलं, दे की. तू विचारलंस, "नुसतं पाणी?"

तू विचारलं होतंस. तुला शंका आली होती म्हणूनच विचारलंस, हे मला आता कळतं. आणि मी कानाशी फोन, हातात पेन्सिल, समोर छपाईवाला घड्याळ बघत उभा, अशा अवस्थेत म्हटलं, "हो, नुसतं पाणी. दूध नको, आत्ताच जेवलीय ती."

तू ज्याला नुसतं म्हणत होतीस ते साधं. मी ज्याला नुसतं म्हणाले ते दुधाशिवायचं. एकच शब्द.

हे मला काल आठवलं असं लिहिलं असतं तर बरं दिसलं असतं. पण मला ते तेव्हाच आठवलं होतं, दवाखान्याच्या बाकावर, टिंबूच्या छातीत घुर्र घुर्र होत असताना. तू समोर उभी होतीस, तुझ्या कुडत्यावर अजून तिने बाहेर टाकलेलं पाणी वाळत होतं. तू म्हणालीस, "ताई, तू नुसतं म्हणालीस." आणि मी सगळ्यांसमोर म्हटलं, खोटं बोलू नकोस, दोनदा सांगितलं होतं तुला. आईसमोर म्हटलं. भाऊजींसमोर म्हटलं. आणि म्हटलं की माझ्या मुलीला पुन्हा हात लावू नकोस.

बारा दिवस ती दवाखान्यात होती. त्या बारा दिवसांत मला कुणाचा तरी राग करायला हवा होता आणि स्वतःचा केला असता तर मी उभी राहू शकले नसते. एवढंच कारण आहे, याहून शहाणं कारण मला सापडत नाही. मग ती घरी आली, आणि तोपर्यंत ते दोनदा सांगितल्याचं मी इतक्यांदा सांगितलं होतं की मलाच खरं वाटायला लागलं. चार वर्षं मी तुला पाण्यात पाहिलं. आणि पाण्याचीच चूक माझी होती.

न्हावीदादांची मी माफी मागितली. ते म्हणाले, "अहो, बरं झालं पायरीवर कळलं." ते गेल्यावर टिंबूजवळ जाऊन मी तुझं टक्-टक् करत बसले. मला ते कधीच नीट येत नाही.

मला माफ कर असं लिहिणार होते. पण पहिल्या पत्रात मी तो शब्द इतका वाया घालवलाय की आता वापरायला लाज वाटते.

ताई


१० फेब्रुवारी

भिंगरी,

भाऊजींना सांगितलं. ते बराच वेळ हातावरचं काळं तेल खरवडत राहिले आणि म्हणाले, "तिला कळवलंस का?" मी हो म्हटल्यावर म्हणाले, "मग आईंना सांग." दोनच वाक्यं, पण ती बोलताना माझ्याकडे पाहिलं नाही त्यांनी. अजून नीट पाहत नाहीत.

आईकडे रविवारी गेले. तुला माहीत आहे, तिचं कानाचं यंत्र कपाटात असतं कारण ते म्हणे शिट्ट्या मारतं. मी तिच्याशेजारी बसून हळूच म्हटलं, आई, धाकटीची चूक नव्हती. ती म्हणाली, "फूल कुठलं?" मी आवाज चढवला. ती म्हणाली, "शूल? पाठीत?" शेवटी मी अशी ओरडले की वरच्या मजल्यावरचं शिवणयंत्र थांबलं. "आई, पाणी द्यायला मीच सांगितलं होतं. मी खोटं बोलले." खालच्या गृहस्थांनी जिन्यात येऊन सगळं ठीक आहे ना विचारलं. म्हटलं, ठीक आहे, मी आईशी गप्पा मारतेय.

आई उठली, कपाट उघडलं, डबी काढली आणि यंत्र कानात घालून माझ्यासमोर येऊन बसली. म्हणाली, "आता परत सांग. हळू सांग, मला नीट ऐकू दे."

मी परत सांगितलं. ओरडून सांगणं सोपं होतं गं. तिने सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली की गेली चार वर्षं तू तिला भेटायला येतेस ती नेमकी मी छापखान्यात असते त्या दिवशी, आणि दर वेळी तीच तुला सांगते की ताई यायच्या आत नीघ. मला हे माहीतच नव्हतं. तू दोन गल्ल्या पलीकडे येऊन जायचीस आणि आईच तुला घाईने बाहेर काढायची, माझ्यामुळे. ती खूप रडली. मी पण. यंत्राने एकदाची शिट्टीही मारली.

वीस तारखेची सोय झाली आहे. शनिवारातले सहा जण पाळ्या वाटून घेणार आहेत, कंडक्टरकाकांनी तक्ता करून आमच्या दारामागे चिकटवलाय, बसच्या वेळापत्रकासारखा. न्हावीदादांनी स्वतःहून सकाळ घेतली. हे मुद्दाम लिहितेय. मी तुला कामासाठी लिहिते आहे असं तुला वाटायला नको. तू आली नाहीस तरी टिंबूचं सगळं नीट होईल. तू यावंस असं मला वाटतं ते माझ्यासाठी वाटतं.

ताई


१३ फेब्रुवारी

भिंगरी,

तुझं कार्ड मिळालं. 'वही पाठव.' दोन शब्द. मी मुद्रितं तपासणारी, दहा वेळा वाचले. राग आहे की नाही ते दोन शब्दांत कळत नाही.

वही सोबत पाठवतेय. नव्याने लिहिली आहे, आता एकवीस पानं झालीत. पहिल्याच पानावर आहे, 'या घरात पाणी म्हणजे निळ्या कपातलं, पावडर घालून घट्ट केलेलं. साध्या पाण्याला आम्ही नळाचं म्हणतो. नळाचं टिंबूला कधीही देऊ नये.' त्याखालच्या ओळीत लिहिलंय की हे तिच्या मावशीला सांगायचं राहिलं होतं. कंडक्टरकाका म्हणाले, वहीत हे कशाला? मी म्हटलं, राहू दे.

परकं माणूस वाचतं तशी वाच. जिथे अडेल तिथे पेन्सिलीने खूण कर. शब्द माझ्या डोळ्यांना फार ओळखीचे झालेत.

ताई


२० फेब्रुवारी, सकाळ

भिंगरी,

तुम्ही दोघी झोपल्या आहात. टिंबूचा पाय तुझ्या पोटावर आहे. तो तसाच राहू दे, पान बारा, 'पाय टेकवून झोपते'. भाऊजी खाली गाडी आणायला गेलेत, तेवढ्यात हे लिहून निळ्या कपाखाली ठेवतेय.

परवा तू दारात उभी राहिलीस तेव्हा मी तोंडपाठ केलेलं सगळं विसरले. तू बॅग खाली ठेवलीस, वही काढून माझ्या हातात दिलीस, तिच्यात पेन्सिलीने सतरा प्रश्न काढलेले. 'थोडं तिरकं बसवावं' याच्यापुढे, डावीकडे की उजवीकडे? 'गाणं लावावं' याच्यापुढे, कोणतं? सतराही बरोबर होते. मग म्हणालीस, "मला आधी नळाचं दे ताई, प्रवासात घसा सुकलाय." मी ओट्याशी गेले आणि पेला भरता भरता मला काही दिसेना. तू ते पाहिलंस, आणि मागून म्हणालीस, "राग गेलेला नाही माझा. तो त्याच्या वेळेने जाईल. मी आलेय ना." मी मान हलवली. मला तेवढंच पुरेसं आहे, खरंच.

काल तुझी पायरी झाली तेव्हा मी दोन तास बाहेर बसले. एकदाही उठले नाही. शेवटी शेवटी आतून तुझं टक्-टक् ऐकू आलं, ते खरं टक्-टक्, आणि टिंबू अशी हसली की शेजारीण दार उघडून बघायला आली. चार वर्षांत मी तिला एवढं हसताना ऐकलं नव्हतं. ते मी तिच्याकडून काढून घेतलं होतं, तुझ्याकडूनही.

आठ वाजता न्हावीदादा येतील. त्यांना चहात साखर नको. दुपारी कंडक्टरकाका, ते तुला पुढे सरका म्हणतील, तू सरकू नकोस. आईने यंत्र घालून यायचं कबूल केलंय.

मला ते आज झोपवणार आहेत, तीन-चार तास. घाबरलेय मी, तुलाच सांगते. तेवढा वेळ मी पायरीवर बसले आहे असं समज. दार ओढलेलं आहे, मी आत डोकावणार नाही आणि बोलणार नाही.

टिंबू उठल्यावर ओठ चाटेल. तिला पाणी दे.

ताई